नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि डिस्टिल्डची एक बाटली: द्रावणांचं रसायन घरी कसं मोजावं

आठवी ते दहावीच्या विज्ञानात द्रावण, संपृक्तता, सामू, उदासिनीकरण, अवक्षेप हे शब्द सुट्या व्याख्या म्हणून पाठ होतात. ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याच्या घरात ते सगळे एकाच ठिकाणी भेटतात, पाण्यात. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मुख्यतः खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येतं, ठाण्याला भातसा आणि उल्हास या नद्यांचं पाणी मिळतं. घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर लागतात आणि बऱ्याच इमारतींत फ्लशला बोअरची वेगळी लाइन असते. म्हणजे दोन-तीन निरनिराळी पाणी चार पावलांवर उपलब्ध आहेत. त्यांच्यातला फरक मोजता आला की धड्यातलं बहुतेक रसायन त्यातच येतं.

सगळ्या प्रयोगांना एकच नियम लागू आहे. जे काही नळाच्या पाण्यावर कराल, तेच त्याच मापात, त्याच वेळी डिस्टिल्ड पाण्यावर करा. शेजारी ती जोडबाटली नसेल तर फेस आला, रंग बदलला, गढूळ झालं यातल्या कशालाच अर्थ राहत नाही. फेस साबणामुळे कमी आला की पाण्यामुळे, हे सांगणार कोण?

सामान

डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर ‘बॅटरी वॉटर’ म्हणून मिळतं. लेबल नीट वाचा. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं आणि ते सल्फ्युरिक आम्ल आहे, घरात आणायचं नाही. आरओचं पाणी डिस्टिल्डच्या जागी चालत नाही, त्यात थोडे क्षार उरतात आणि काही यंत्रं चवीसाठी ते मुद्दाम मिसळतात.

वजनासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटाही चालवता येतो, पण मग खाली दिलेली विरलनाची, म्हणजे द्रावण पातळ करत नेण्याची युक्ती जास्त वेळा वापरावी लागेल. सुई नसलेल्या ५ आणि १० मिलिच्या सिरिंज औषधाच्या दुकानात मिळतात, थेंबाथेंबाच्या कामात त्या मोजपात्रापेक्षा बऱ्या. १०० मिलिचं एक मोजपात्र, काचेच्या पाच-सहा एकसारख्या बाटल्या, गाळणकागद (कॉफीचा फिल्टर चालतो), टीडीएस पेन (पाण्यात एकूण विरघळलेल्या पदार्थांचा, म्हणजे टीडीएसचा आकडा दाखवणारं खिशातलं यंत्र), चष्मा किंवा गॉगल. रसायनं म्हणाल तर मीठ, साखर, तुरटी, साधा पानाचा चुना, खायचा सोडा, व्हिनेगर, हळद, एप्सम सॉल्ट आणि साबणाची एक वडी. जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीच्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात हे जवळपास सगळं मिळतं, एप्सम सॉल्ट औषधाच्या दुकानात विचारा. प्रयोगाची भांडी वेगळी ठेवा. त्यातून पुन्हा काही खायचं-प्यायचं नाही.

पाण्याचा नमुना घेताना नळ दोन मिनिटं वाहू द्या. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरा आणि तारीख व जागा लिहून चिठ्ठी लावा. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पालिकेचं आणि टँकरचं पाणी एक झालेलं असू शकतं. शुद्ध पालिकेचा नमुना हवा असेल तर तळटाकीत पडणाऱ्या पाइपचं पाणी घ्यावं लागतं. त्यासाठी वॉचमनला सोबत घ्या, टाकीवर एकट्याने वाकू नका.

५ टक्के म्हणजे नेमकं किती

मिठाचं ५ टक्के द्रावण करा असं सांगितलं की दहापैकी नऊ जण १०० मिलि पाणी मोजतात आणि त्यात ५ ग्रॅम मीठ टाकतात. तिथेच पहिली चूक होते. वस्तुमान-आकारमान पद्धतीत ५ टक्के म्हणजे १०० मिलि द्रावणात ५ ग्रॅम द्राव्य. मीठ विरघळल्यावर आकारमान थोडं वाढतं, म्हणून १०० मिलि पाण्यात टाकलं की द्रावण १०० मिलिपेक्षा जास्त होतं आणि संहती कमी पडते. मिठात हा फरक लहान असतो, पण साखरेचं ५० टक्के द्रावण याच चुकीच्या पद्धतीने करून पाहा. ५० ग्रॅम साखर १०० मिलि पाण्यात टाकल्यावर एकूण आकारमान १३० मिलिच्या आसपास जातं, आणि ५० टक्क्यांऐवजी हातात ३८-३९ टक्के उरतं.

बरोबर क्रम असा. ५ ग्रॅम मीठ मोजा. मोजपात्राबाहेर, वेगळ्या भांड्यात ६० मिलि डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवा. ते मोजपात्रात ओता, भांडं दोनदा थोड्या पाण्याने विसळून तेही ओता. मग सिरिंजने थेंब-थेंब पाणी घालत १०० च्या रेघेपर्यंत या. काचेच्या मोजपात्रात पाण्याची कड वर चढलेली दिसते, वाचायची असते ती मधली खालची पातळी, आणि डोळा त्याच उंचीवर हवा. वरून पाहिलं तर वाचन चुकतं.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. जुलैत डबा उघडा राहिला की मीठ ओलावतं आणि मग ५ ग्रॅममध्ये पाण्याचंही वजन मोजलं जातं. मीठ कोरड्या तव्यावर मंद आचेवर पाच मिनिटं परता, घट्ट बरणीत गार करा, मग तोला. एप्सम सॉल्टला मात्र हे करायचं नाही. त्याच्या स्फटिकात मॅग्नेशिअम सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात आणि वजनाचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग त्या स्फटिकजलाचा असतो. तापवलं की ते निघून जातं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

आयोडिनयुक्त मिठाचं द्रावण किंचित धुरकट दिसलं तर घाबरू नका. मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेला पदार्थ त्याला कारण असतो. तासभर ठेवून गाळून घ्या.

आता ती विरलनाची युक्ती. समजा लिटरला ०.५ ग्रॅम एप्सम सॉल्ट असलेलं द्रावण हवं आहे. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर ०.५ ग्रॅम तोलणं म्हणजे पाचातल्या एकाची चूक सहज होऊ शकते. त्याऐवजी ५ ग्रॅम तोला, १ लिटर द्रावण करा, त्यातलं १०० मिलि घेऊन पुन्हा १ लिटर करा. तोलण्याची चूक आता पन्नासातल्या एकावर आली. मोलर द्रावणालाही हेच लागू पडतं. १ मोलर म्हणजे १ लिटर द्रावणात रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम द्राव्य. मिठाचं रेणुवस्तुमान ५८.५, म्हणून १ मोलर द्रावणाच्या १०० मिलिला ५.८५ ग्रॅम लागतं. काट्यावर ५.९ येईल, तेवढं पुरे. ०.१ मोलर हवं असेल तर ०.५८ ग्रॅम तोलायच्या भानगडीत पडू नका, १ मोलरचे १० मिलि घेऊन १०० करा.

वरचं एप्सम सॉल्टचं विरल द्रावण जपून ठेवा, पुढे मोठं कामाला येणार आहे. बाटलीवर ‘२०० ची’ असं लिहा, का ते कळेलच.

संपृक्तता आणि तुरटी

खोलीच्या तापमानाला १०० मिलि पाण्यात मीठ साधारण ३६ ग्रॅम विरघळतं, साखर २०० ग्रॅमच्या आसपास, खायचा सोडा १० ग्रॅमच्या जवळपास आणि चुना जेमतेम ०.१७ ग्रॅम. तापमान वाढवलं तर प्रत्येक पदार्थ वेगळं वागतो. मिठाची विद्राव्यता उकळत्या पाण्यातही ३९ ग्रॅमपर्यंतच जाते. तुरटीची २० अंशांपासून ५० अंशांपर्यंत अडीच-तीन पट होते. चुन्याची तर उलट कमी होते. म्हणूनच मिठाचं गरम संपृक्त द्रावण गार करून मोठे स्फटिक मिळत नाहीत आणि तुरटीचे मिळतात.

तुरटीच्या स्फटिकासाठी १०० मिलि पाणी ६० अंशांपर्यंत तापवा, ३० ग्रॅम तुरटी विरघळवा, गाळा, झाकून हालचाल नसलेल्या जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी आठ पैलूंचे छोटे स्फटिक दिसतील. त्यातला एक चांगला निवडून दोऱ्याला बांधा आणि पुन्हा केलेल्या, पूर्ण गार झालेल्या संपृक्त द्रावणात सोडा. द्रावण कोमट असताना सोडला तर बांधलेला स्फटिकच विरघळून जातो. दाढीसाठी मिळणारी पारदर्शक वडी घ्या. पाणी साफ करायला मिळणारी मळकट लादी बऱ्याचदा नुसती ॲल्युमिनियम सल्फेट असते, तिचे असे स्फटिक होत नाहीत. भांडं काचेचं किंवा स्टीलचं वापरा. तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं, ॲल्युमिनियमचं पातेलं खाईल.

टीडीएस पेन काय सांगतं आणि काय नाही

पाण्याचं यंत्र विकायला येणारा माणूस पहिल्यांदा हे पेन काढतो, म्हणून त्याची नीट ओळख करून घेतलेली बरी. पेन पाण्यातले क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि आतल्या एका ठरावीक गुणकाने मिलिग्रॅममध्ये बदलून दाखवतं.

चार बाटल्या घ्या. पहिलीत नुसतं डिस्टिल्ड. दुसरीत डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १० ग्रॅम साखर. तिसरीत लिटरला ०.५ ग्रॅम मीठ, अर्थात विरलनाने. चौथीत ती ‘२०० ची’ बाटली. प्रत्येक वेळी पेन डिस्टिल्डने धुऊन झटकून घ्या. साखरेच्या बाटलीत लिटरला १०,००० मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेला आहे, तरी पेन शून्याच्या आसपासच राहतं. साखरेचे रेणू पाण्यात अखंड राहतात, त्यांचे आयन होत नाहीत. मिठाला साधारण ५०० येतं. एप्समचं वाचन तेवढंच वजन असूनही बरंच कमी येतं, कारण त्या वजनात अर्धं पाणीच आहे. मिठालाही ५०० च्या जवळ आकडा आला नाही तर तुमचं पेन बिघडलेलं आहे किंवा विरलन चुकलंय. नवं डिस्टिल्ड घेऊन आधी शून्य तपासा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. जंतू, कीटकनाशकं, शिसं यांबद्दल पेन अवाक्षर काढत नाही. नळाच्या पाण्याला ८० आलं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही आणि ४०० आलं म्हणून घातकही नाही.

साबणाने दुष्फेनता मोजणं

हा या लेखातला सगळ्यात उपयोगी प्रयोग, म्हणून सावकाश करा.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकातून कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम सोडवून आणतं. बोअरच्या पाण्याचा खडकाशी सहवास लांबचा, धरणात साठलेल्या पावसाचा त्या मानाने थोडा. म्हणून बोअरचं पाणी सहसा जड, पुस्तकाच्या भाषेत दुष्फेन. साबण म्हणजे मेदाम्लांचं सोडिअम लवण. कॅल्शिअम किंवा मॅग्नेशिअम भेटलं की त्यांच्याशी दुहेरी विस्थापन होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. सगळं कॅल्शिअम-मॅग्नेशिअम साक्यात अडकल्याशिवाय टिकाऊ फेस येत नाही. तर फेस येईपर्यंत किती साबण लागला ते मोजायचं.

साबण खरा हवा. धुण्याची पावडर, भांड्याचं लिक्विड आणि काही बेदिंग बार हे डिटर्जंट असतात, त्यांना दुष्फेन पाण्यातही फेस येतो आणि प्रयोग फसतो. वेष्टनावर ‘टॉयलेट सोप, ग्रेड १’ आणि टीएफएम (एकूण मेदाम्लांचं प्रमाण) ७६ टक्के किंवा जास्त असं लिहिलेली वडी घ्या.

१ ग्रॅम साबण किसून ८० मिलि कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, ढवळा, पण फेस काढू नका. गार झाल्यावर १०० मिलि करा. त्याच दिवशी वापरा. एका रात्रीत हे द्रावण घट्टसर किंवा ढगाळ होऊ लागतं आणि सिरिंजमधून नीट येत नाही. नळाच्या पाण्यात साबण विरघळवला तर अर्धा साबण तिथेच खर्ची पडतो. ही चूक सर्रास होते.

आता १०० मिलिच्या झाकणाच्या बाटलीत २५ मिलि डिस्टिल्ड पाणी घ्या. सिरिंजने ०.२ मिलि साबण घाला, झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवा, आडवी ठेवा. पूर्ण पृष्ठभाग झाकणारा फेस एक मिनिट टिकला तर थांबा, नाही तर आणखी ०.२ मिलि. जितका साबण लागला तो तुमचा कोरा आकडा. मग ‘२०० च्या’ बाटलीतलं २५ मिलि घेऊन तेच करा. इथे सुरुवातीला ०.५ मिलिच्या पायरीने जा, फेस रेंगाळू लागला की ०.२ वर या. साधारण ४ मिलिच्या आसपास साबण लागायला हवा. मग नळाचं पाणी, मग बोअरचं.

ती बाटली ‘२०० ची’ का, तर दुष्फेनता कॅल्शिअम कार्बोनेटच्या तुल्य मिलिग्रॅममध्ये सांगतात. एप्समचं रेणुवस्तुमान २४६.५, कॅल्शिअम कार्बोनेटचं १००. लिटरला ५०० मिलिग्रॅम एप्सम म्हणजे ५०० गुणिले १०० भागिले २४६.५, उत्तर २०३. आपल्या साधनांना २०० म्हणायला हरकत नाही. मानकातली दुष्फेनतेची स्वीकारार्ह मर्यादाही नेमकी २०० आहे (पर्यायी स्रोत नसल्यास ६००), त्यामुळे तुलना सोपी जाते.

आकडेमोड उदाहरणाने पाहा. कोरा ०.४, ‘२०० चा’ ४.४, नमुन्याचा २.४ मिलि आला असं धरा. कोरा दोन्हींतून वजा करा: २.० आणि ४.०. दुष्फेनता २ भागिले ४ गुणिले २००, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. नमुन्याला १० मिलिपेक्षा जास्त साबण लागत असेल तर बाटली साक्याने भरते आणि फेस कुठला, साका कुठला ते कळत नाही. अशा वेळी नमुना डिस्टिल्डने चौपट विरल करा आणि उत्तराला ४ ने गुणा.

मॅग्नेशिअम जास्त असलेल्या पाण्यात फसवा फेस येतो, दिसतो आणि अर्ध्या मिनिटात बसतो. म्हणूनच एक मिनिटाची अट घातली आहे, घाई करू नका. ही पद्धत प्रयोगशाळेत ईडीटीए हे रसायन मापाने घालून करतात त्या अनुमापनाइतकी काटेकोर नाही, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणारच. पालिकेचं आणि बोअरचं पाणी वेगळं ओळखायला तेवढं पुरेसं आहे.

मघाची मिठाची बाटलीही याच परीक्षेला बसवा. पेनवर ५०० दाखवणारं मिठाचं पाणी डिस्टिल्डच्या जवळपास फेसाळतं. पेनवर त्याच्या निम्म्यानेही न भरणारं एप्समचं पाणी मात्र साबण खात राहतं. टीडीएस आणि दुष्फेनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यापेक्षा सरळ दाखवता येणार नाही.

चुन्याची निवळी: गढूळ, स्वच्छ, पुन्हा गढूळ

गीझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्यात पांढरा थर का बसतो, हे एका बाटलीत घडवून पाहता येतं. चष्मा लावा. निवळीचा सामू १२ च्या वर असतो आणि डोळ्यात गेली तर इजा होते. गेलीच तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. स्ट्रॉने फुंकर मारायची पद्धत बरीच प्रचलित आहे, पण चुकून ओढली गेली तर तोंड भाजतं. खाली दिलेली नळीची मांडणी करा.

निवळीसाठी पानाचा साधा, वास नसलेला चुना एक चमचा, ५०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात हलवा आणि बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून रात्रभर ठेवा. वरचं स्वच्छ पाणी हळूच ओतून घ्या किंवा गाळा. उघडी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते, निवळी कमजोर होते.

वायूसाठी अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, झाकणाला भोक पाडून मत्स्यालयाची नळी बसवा आणि भोवती एम-सील लावा. बाटलीत ४ टक्क्यांचं व्हिनेगर ९० मिलि घ्या. खायचा सोडा ५ ग्रॅम टिश्यूत गुंडाळून टाका, लगेच झाकण लावा. एवढ्या सोड्यातून जवळपास १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. नळीचं दुसरं टोक कधीही बंद करू नका, बाटली फुटेल. नळी आणि निवळीच्या मध्ये एक रिकामी बाटली जोडली तर उतू आलेला फेस तिच्यात अडतो. ती नसेल आणि व्हिनेगर निवळीत शिरलं तर आम्ल-आम्लारी उदासिनीकरण होतं, गढूळपणा येतच नाही आणि प्रयोग का फसला ते कळत नाही.

२५ मिलि निवळीत ७५ मिलि डिस्टिल्ड पाणी घाला आणि वायू सोडा. काही क्षणांतच दुधासारखं होईल.

कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शिअम कार्बोनेट + पाणी

वायू चालूच ठेवा. दूध हळूहळू फिकं होत स्वच्छ होतं.

कॅल्शिअम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शिअम बायकार्बोनेट

स्वच्छ झालेलं द्रावण स्टीलच्या छोट्या पातेल्यात उकळा. पुन्हा पांढरं. उष्णतेने बायकार्बोनेटचं अपघटन होऊन कार्बोनेट खाली बसलं, वायू निघून गेला.

अनेकांचा प्रयोग दुसऱ्या टप्प्यावर अडतो. कितीही वायू सोडला तरी दूध स्वच्छ होत नाही. कारण बहुधा निवळी विरल केलेली नसते. कार्बन डायऑक्साइडने पूर्ण भरलेलं पाणीही लिटरला जेमतेम एक ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट बायकार्बोनेटच्या रूपात सामावू शकतं, आणि बिनविरल निवळीतून त्याच्या दुपटीहून जास्त तयार होतं. चौथाई केली की आकडा त्या मर्यादेच्या आत येतो. तरीही नाही झालं तर सोडा-व्हिनेगरचा दुसरा घाणा लावा, बरेचसे बुडबुडे न विरघळताच निसटतात.

दुसऱ्या टप्प्यातलं ते स्वच्छ पाणी म्हणजेच तात्पुरती दुष्फेनता असलेलं पाणी. आता बोअरच्या पाण्याकडे वळा. २५० मिलि पाणी पंधरा मिनिटं उकळा, झाकून गार करा, गाळा आणि डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा बरोबर २५० मिलि करा. ही शेवटची पायरी विसरली तर उरलेले क्षार कमी पाण्यात दाटतात आणि उकळल्यावर दुष्फेनता वाढली असा उलटाच निष्कर्ष निघतो. मग साबणाची परीक्षा पुन्हा घ्या. जितकी कमी झाली ती तात्पुरती, उरली ती कायमची, म्हणजे सल्फेट आणि क्लोराइडची. ‘२०० च्या’ बाटलीवर हेच करून पाहा. उकळून तिची दुष्फेनता हलत नाही.

पातेल्यातला थर खरोखर कार्बोनेटच आहे का? खरवडून चिमूटभर घ्या, व्हिनेगर टाका. फसफसून विरघळला तर हो. न फसफसता नुसता बसून राहिला तर त्यात दुसरं काही आहे.

पावसाळी गढूळ पाणी आणि तुरटी

तुरटी माती ‘खाली ओढते’ असं म्हणतात, पण नेमकं काय होतं? मातीचे अतिसूक्ष्म कण ऋणप्रभारित असतात, एकमेकांना दूर ठेवतात आणि तासन्‌तास तरंगतात. तुरटीतले ॲल्युमिनियम आयन तो प्रभार मारतात, शिवाय पाण्यातल्या बायकार्बोनेटशी अभिक्रिया करून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या लिबलिबीत गाठी बनवतात. त्या गाठींत कण अडकून खाली बसतात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड वापरतात ते याचसाठी, आणि डोस किती ते ठरवायला जार टेस्ट घेतात. ती घरीही होते.

तुरटीचं १ टक्का द्रावण ताजं करा. त्याचा १ मिलि १ लिटर पाण्यात टाकला की डोस लिटरला १० मिलिग्रॅम होतो. एक बादली नळाच्या पाण्यात कुंडीतली मूठभर माती कालवा, दहा मिनिटं थांबा, वरचं गढूळ पाणी सहा बाटल्यांत एकेक लिटर भरा. डोस ०, १०, २०, ३०, ४०, ६० मिलिग्रॅम. प्रत्येक बाटली एक मिनिट वेगाने ढवळा, मग दहा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास ठेवा. हळू ढवळण्याची पायरी वगळली तर गाठी मोठ्या होत नाहीत, आणि जोराने ढवळत राहिलात तर झालेल्या फुटतात. बाटलीमागे छापील कागद धरून कुठल्या बाटलीतून अक्षरं वाचता येतात ते पाहा. सगळ्यात जास्त डोसची बाटली सगळ्यात स्वच्छ असेलच असं नाही. जास्त झालं की कणांवर उलटा, धन प्रभार चढू शकतो आणि पाणी पुन्हा गढूळ राहतं.

डिस्टिल्ड पाण्यात माती कालवून हाच प्रयोग केला की गाठी उशिरा आणि विरळ येतात, कारण बायकार्बोनेट जवळजवळ नाही. १ ग्रॅम तुरटीला साधारण ०.३ ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटइतकी अल्कता (आम्ल उदासीन करायची पाण्याची क्षमता) लागते. खायच्या सोड्याच्या ५ टक्के द्रावणाचे २ मिलि त्या लिटरभर पाण्यात घाला आणि पुन्हा ढवळा, फरक दिसेल. निवळलेलं पाणी प्यायचं नाही, तुरटी जंतू मारत नाही.

हळदीबद्दल थोडक्यात

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाचा रंग सामू साधारण साडेसातच्या पुढे बदलायला लागतो आणि साडेआठच्या पुढे स्पष्ट तांबूस होतो. निवळीला लाल होतो, साबणाच्या द्रावणाला होतो, व्हिनेगरला पिवळाच राहतो. व्हिनेगर आणि साधं पाणी यांतला फरक हळदीला कळत नाही, त्यासाठी लाल कोबीचा रस वापरा. खायच्या सोड्याचा सामू ८.३ च्या आसपास असतो, तिथे हळद अर्धवट रंग दाखवते आणि मुलं उगाच भांडत बसतात. डिस्टिल्ड पाण्याचा सामू ७ ऐवजी ६ च्या खाली आला तर बाटली खराब समजू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की तो ५.६ ते ५.८ पर्यंत उतरतोच.

काम झाल्यावर

निवळी आणि चुन्याचा गाळ व्हिनेगर घालून, हळदीचा कागद पिवळा राहीपर्यंत उदासीन करा आणि भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा. तुरटीचा गाळ कुंडीत नको, मोरीत चालेल. मासे असलेल्या टाकीत यातलं काहीही जाता कामा नये. आणि हे सगळं करून बाथरूम धुवायला घ्याल तेव्हा ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.